केडगावचे खिळे, मामांचा मोबाईल

दोन वर्षांपूर्वी शिरूर तालुक्यातल्या एका पतसंस्थेची वेबसाइट मी करून दिली. पैसे घेतले नाहीत. सेक्रेटरी काकांनी शाल, नारळ आणि संस्थेची डायरी दिली, वार्षिक सभेत माझं नाव घेतलं, आणि ते माझ्या वडिलांना माझ्या पगारवाढीपेक्षा जास्त आवडलं. दिवसभर खराडीच्या ऑफिसात बसून परदेशी कंपन्यांची पानं बनवतो, तर एकदा गावासाठीही बनवू, एवढंच डोक्यात होतं.

साइट देखणी झाली होती. हे मी आजही म्हणेन. पांढरंशुभ्र पान, भरपूर मोकळी जागा, बारीक अंगाचा देवनागरी फॉन्ट, अक्षरं काळ्याऐवजी फिकट राखाडी. शीर्षकातल्या अक्षरांमध्ये थोडं थोडं अंतर सोडलं होतं, महागड्या घड्याळांच्या साइटवर असतं तसं. ठेवींच्या व्याजदराचा तक्ता काकांनी व्हॉट्सॲपवर फोटो काढून पाठवला होता, तो तसाच पानावर चिकटवला. लिंक घरच्या ग्रुपवर टाकली. पाच मिनिटांत सतरा अंगठे आले. मामांचा आला नाही.

मामा दौंडला असतात. आयुष्य रेल्वेत गेलं, निवृत्त झाले आणि मग काचबिंदूने नजर गेली. डावा डोळा पूर्ण गेला, उजव्यात बोगद्याच्या तोंडाएवढं दिसतं. ही उपमा त्यांचीच, रेल्वेवाल्याला शोभेल अशी. निवृत्तीच्या पैशांतली एक ठेव त्यांनी याच पतसंस्थेत ठेवली आहे. मोबाईल ते टॉकबॅक लावून वापरतात. पडद्यावर बोट फिरवलं की बोटाखाली जे असेल ते फोन बोलतो, दोनदा टॅप केलं की उघडतो. त्यांचा वेग इतका की शेजारी बसणाऱ्याला तो आवाज म्हणजे नुसती कुरकुर वाटते.

दिवाळीत गेलो तेव्हा मामा म्हणाले, "भाचेबुवा, तुमची साइट मुकी आहे."

मी हसलो. त्यांनी फोन माझ्यासमोर धरला आणि पान उघडलं. "अनलेबल्ड बटन," फोन म्हणाला. बोट सरकलं. "अनलेबल्ड बटन." अजून सरकलं. "इमेज." मग एका लांबलचक मराठी परिच्छेदावर बोट आलं आणि फोन गप्प. मध्येच "नाइन पॉइंट फाइव्ह" म्हणाला आणि पुन्हा गप्प. मामांनी टॉकबॅक बंद केला, फोन उजव्या डोळ्याला जवळजवळ चिकटवला आणि दोन बोटांनी पान मोठं करायला गेले. पान हललं नाही.

"लॉक केलंय का रे?"

केलं होतं. कारण सांगण्यासारखं नव्हतं. जे तयार टेम्प्लेट मी उचललं त्यात पान मोठं करायला बंदी घालणारी एक ओळ होती, आणि ती मला सोयीची वाटली, कारण मोठं केल्यावर माझी मांडणी बिघडत होती. फोन मराठीवर गप्प बसला तेही त्याच टेम्प्लेटमुळे. पानाच्या पहिल्याच ओळीत 'या पानाची भाषा इंग्रजी' अशी खूण होती. फोनने इमानदारीत इंग्रजी आवाज निवडला, आणि त्या आवाजाला देवनागरी येत नव्हती.

मी म्हणालो, "मामींना विचारायचं ना, किंवा मला फोन करायचा."

मामा म्हणाले, "दर वेळी कुणाला तरी विचारायचं, माझे किती झाले म्हणून? त्यापेक्षा नको ते." मग त्यांनी फराळाचं ताट माझ्याकडे सरकवलं आणि विषय संपवला. माझा संपला नाही.

दौंडहून शिरूरला मोटरसायकलवर येताना पाटस, वरवंड करत चौफुल्याला हायवे सोडायचा आणि न्हावऱ्याच्या रस्त्याला लागायचं. तिथेच केडगाव आहे. मुक्ती मिशन मी लहानपणापासून येता-जाता बघत आलो आहे. 'पंडिता रमाबाई, समाजसुधारक' हे शाळेत दोन गुणांसाठी पाठ केलं होतं. त्या वर्षी मात्र मराठी अक्षरं पडद्यावर कशी आली हे शोधता शोधता मी पुन्हा केडगावलाच येऊन पोचलो, कारण इथे एक छापखाना होता आणि तिथे खिळे जुळवणाऱ्या बायका होत्या.

रमाबाईंची गोष्ट थोडक्यात सांगतो. जन्म १८५८ चा. संस्कृत आईवडिलांकडून शिकल्या. १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या, पण ते जमलं नाही, कारण त्यांना नीट ऐकू येत नव्हतं. या गोष्टीचा उल्लेख आपल्या पुस्तकांत ओझरता येतो. माझ्या डोक्यात ती आता पक्की बसली आहे: ज्या बाईने पुढे केडगाव उभं केलं, तिच्यापुढचं एक दार कानांमुळे बंद झालं होतं. तिथून अमेरिका, मग १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन, पुढच्या वर्षी ते पुण्याला. त्याच १८८९ साली त्यांचं अमेरिकेवरचं मराठी पुस्तक निघालं, ते छापलं होतं निर्णयसागर छापखान्याने. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून अनाथ आणि टाकलेल्या मुली-बायका आणल्या आणि केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या दुष्काळात गुजरातमधूनही आणल्या.

या बायकांना पोटापाण्याचं काम शिकवायचं होतं. शेती, विणकाम, दूधदुभतं होतंच, शिवाय छापखाना होता. रमाबाई बायबलचं नवं मराठी भाषांतर करायला बसल्या, मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून, आणि त्यासाठी दोन्ही भाषा शिकल्या. आधीची भाषांतरं संस्कृतने जड झाली आहेत, खेड्यातल्या बाईला ती कळत नाहीत, हे त्यांचं म्हणणं होतं. संस्कृत ज्यांच्या जिभेवर खेळत होतं अशा बाईने संस्कृत शब्द गाळत बसायचं, यात मला मजा वाटते. धर्माचा भाग ज्याने त्याने आपापला बघावा. माझं लक्ष कामाकडे होतं. जुळणी बायकाच करत. काल-परवापर्यंत अक्षर न ओळखणाऱ्या मुली देवनागरीबरोबर ग्रीक आणि हिब्रू खिळेही जुळवत. त्यातली हिब्रू उजवीकडून डावीकडे. आमच्याकडे अरबी भाषेची साइट करायची वेळ आली तेव्हा पान उलटं फिरवायला सहा जणांच्या टीमला तीन आठवडे लागले होते.

१९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या. संपूर्ण ग्रंथ छापून पुरा झाला तो १९२४ मध्ये. म्हणजे ज्यांच्यासाठी भाषा सोपी केली, त्या वर्गातल्या बायकांनीच ते काम तडीला नेलं.

आणि त्याच आवारात बार्तिमी सदन होतं, अंध मुलींसाठी. रमाबाईंची मुलगी मनोरमाबाई ब्रेल शिकली होती आणि तिने या मुलींना ते शिकवलं. मनोरमाबाई आईच्या आधी, १९२१ मध्ये वारल्या. तर दौंड तालुक्यातल्या एका माळावर, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी, एका हाकेच्या अंतरावर दोन प्रकारच्या मुली अक्षरं शिकत होत्या. एकीच्या बोटात शिशाचे खिळे, दुसरीच्या बोटाखाली कागदावरचे उठाव. अक्षर एकच, त्याचं शरीर वेगळं. चौफुल्यावर चहा घेताना हे लक्षात आलं तेव्हा माझ्या साइटची जास्तच लाज वाटली. मामा राहतात तिथून केडगाव शटलने जेमतेम अर्ध्या तासावर आहे.

आता खिळ्यांबद्दल, कारण तिथे आमच्या धंद्याची अर्धी भांडणं आधीच होऊन गेली आहेत.

देवनागरीत मराठी पुस्तक छापायची सुरुवात झाली बंगालात. १८०५ मध्ये विल्यम केरीने श्रीरामपूरला मराठीचं व्याकरण छापलं. १८३२ च्या ६ जानेवारीला बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' निघालं, एका पानावर दोन रकाने, एकात इंग्रजी आणि एकात मराठी. दोन भाषा शेजारी शेजारी मांडायची ही खटपट आज मी रोज करतो, आणि मराठीचा मजकूर जास्त उंची का खातो हे दर वेळी डिझायनरला समजावून सांगतो. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम देवनागरीचे ठसे करत होता. त्याच छापखान्यात खिळे घासायच्या कामावर एक गरीब मुलगा लागला, जावजी दादाजी. त्याने १८६४ मध्ये स्वतःची खिळे ओतण्याची शाळा काढली आणि पुढे निर्णयसागर उभं केलं. तिथले ठसे राणोजी रावजी आरू यांनी कोरले. निर्णयसागरचं अक्षर बघितलं नसेल तर आजोबांच्या कपाटातली एखादी जुनी पोथी उघडून बघा. गोलाई भरदार, जाड-बारीक रेषा कुठे बदलते ते नीट ठरवलेलं. आणि मुख्य म्हणजे दिव्याच्या उजेडात वाचता येतं.

इंग्रजी छापायला केसमध्ये शंभर-सव्वाशे खणांत भागतं. देवनागरीला कित्येक शे लागतात. क, त्याचा अर्धा क्, क्त, क्ष, क्र, सगळे वेगळे खिळे. त्यातून आपली लिपी तीन मजली. मधल्या मजल्यावर अक्षर, वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार आणि ऋकार. एका पद्धतीत हे तिन्ही मजले वेगळे जुळवायचे. त्यात वरच्या मजल्यावरची नाजूक टोकं दाबाखाली मोडायची, मग 'कीर्ती'चं 'कीती' व्हायचं आणि छापखान्यात शिव्या ऐकू यायच्या. म्हणून अक्षरं कमी करा, लिपी सुटसुटीत करा, अशा हाका वारंवार उठल्या. टिळकांनी 'केसरी'साठी खिळे कमी करायचा उद्योग केला. सावरकरांनी इ, ई, उ, ऊ काढून टाकून 'अ'लाच वेलांट्या आणि उकार लावायला सांगितलं. टंकलेखन यंत्र आलं, त्याने तर अक्षरांचे हालच केले. बापूराव नाईकांनी हा सगळा इतिहास जमवून १९७१ मध्ये देवनागरी मुद्राक्षरांवर तीन खंड लिहिले. टाइपवेड्या माणसाने ते एकदा तरी हातात घ्यावेत.

मोडी लिपी या सगळ्यात मागे पडली, त्याचं दुःख वेगळं.

तीन मजल्यांचं हे भांडण माझ्या साइटवर जसंच्या तसं होतं. बटणांची उंची मी इंग्रजी मापाने बांधली होती आणि बाहेर येईल ते कापायचं अशी सूचना दिली होती. परिणाम म्हणजे 'ठेवींची माहिती' या बटणावर 'वीं'ची वेलांटी आणि अनुस्वार अर्धे छाटलेले. मला ते दोन वर्षं दिसलं नाही. शिशाचा खिळा मोडला तर निदान खळकन आवाज यायचा. अक्षरांमध्ये मी जे शोभेचं अंतर सोडलं होतं, त्याने शिरोरेषा तुटून प्रत्येक अक्षर वेगळं लटकत होतं. इंग्रजी अक्षरं सुटी उभी असतात, त्यांना अंतर खपतं. आपली वाळत घातलेल्या कपड्यांसारखी एका दोरीवर असतात, दोरी मध्येच कापली तर काय होणार? कमी दिसणारा माणूस शब्द कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे बऱ्याचदा त्या दोरीवरून ओळखतो. मामांना माझं शीर्षक एक शब्द न वाटता सहा सुटे ठिपके वाटले होते.

शिशाकडून संगणकाकडे येताना पुणं मध्यभागी आहे, हे आम्हा पुणे जिल्ह्यातल्या इंजिनिअरांना कॉलेजात कुणी सांगत नाही. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झाली. आयआयटी कानपूरमध्ये जन्मलेलं जिस्ट तंत्रज्ञान तिथे आलं. संगणकात एक वेगळं कार्ड बसवलं की पडद्यावर देवनागरी उमटायची. भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाचा संकेतांचा तक्ता तयार झाला, १९९१ मध्ये तो भारतीय मानक झाला. त्यात विचार असा होता की 'क' या अक्षराला एक क्रमांक द्यायचा. तो पडद्यावर देवनागरीत दिसो, गुजरातीत दिसो की तमिळमध्ये, क्रमांक तोच. यंत्राने अक्षराचं नाव लक्षात ठेवायचं, आकार नंतर घडवायचा.

बाजाराला मात्र लग्नपत्रिका छापायच्या होत्या. डीटीपीचे दिवस होते. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी, बंगळूरची आकृती, उत्तरेतलं कृतिदेव, सी-डॅकचे स्वतःचे सुरेख आणि योगेश, असे फॉन्ट घरोघरी झाले. यातल्या बहुतेकांची युक्ती एकच. इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचं चित्र बसवायचं. संगणकाला वाटतं आपण इंग्रजी लिहितोय, कागदावर उमटतं मराठी. आणि प्रत्येक कंपनीची जागांची वाटणी वेगळी. कागदाला काही फरक पडत नव्हता. पत्रिका सुंदर यायच्या, त्या माणसांनी मराठी छपाईला पंचवीस वर्षं जगवलं, त्यांना नावं ठेवायची माझी छाती नाही.

घोटाळा झाला तो वेब आल्यावर. मराठी बातम्यांची पानं याच फॉन्टांवर उभी राहिली. शिरूरच्या सायबर कॅफेत मी शाळकरी असताना पान उघडलं की आधी 'फॉन्ट डाउनलोड करा' अशी पट्टी यायची. नाही केला तर कंस, टक्क्याच्या खुणा आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी. १९९७ मध्ये इंटरनेट एक्सप्लोररच्या चौथ्या आवृत्तीत पानासोबतच फॉन्ट पाठवायची सोय आली होती, त्यामुळे त्या एका ब्राउझरमध्ये ठीक दिसायचं. दिसायचं, एवढंच. पानाच्या पोटात मराठीचं एकही अक्षर नव्हतं. म्हणून शोधलं तर सापडायचं नाही, कॉपी केलं तर कचरा. आणि ज्याला ऐकून वाचायचं आहे त्याला यंत्र तो कचराच वाचून दाखवणार. डोळसांना अंकभर बातम्या मिळत असताना अंध वाचकासाठी ते पान कोरं होतं. ही गोष्ट त्या काळी फार लोकांच्या लक्षात आल्याचं मला दिसत नाही, कारण बघणारे सगळे डोळ्यांनीच बघत होते.

व्याजदराच्या तक्त्याचा फोटो चिकटवून मी नेमकं तेच केलं होतं. मामांच्या फोनने त्याला "इमेज" म्हटलं, आणखी काय म्हणणार?

यातून बाहेर काढलं युनिकोडने. १९९१ मध्ये पहिली आवृत्ती आली, तिच्यातली देवनागरीची रचना १९८८ च्या इस्कीवरून घेतली होती. देवनागरीला मिळाली १२८ घरं. केडगावच्या मुलींच्या केसमध्ये कित्येक शे खण आणि इथे १२८ घरांत मराठी, हिंदी, संस्कृत, नेपाळी सगळं कसं मावतं? कारण इथे क्ष हा वेगळा खिळा नाही. क, हलन्त आणि ष अशी तीन नावं एका ओळीत ठेवायची, जोडाक्षर घडवायचं काम वाचणाऱ्याकडच्या फॉन्टचं. त्याच तीन नावांवरून एक यंत्र अक्षर काढतं, दुसरं आवाज काढतं, तिसरं ब्रेलच्या पट्टीवर टाचण्या उचलतं. लिहिणाऱ्याने हे काम तीनदा करायची गरज उरली नाही.

विंडोज २००० बरोबर मंगल हा फॉन्ट आला, तो केला रघुनाथ कृष्ण जोशींनी. जाहिरात क्षेत्रातले कलादिग्दर्शक, आयआयटी मुंबईत शिक्षक, सुलेखनकार आणि मराठी कवीसुद्धा. २००८ मध्ये ते गेले. मंगलला आमच्या पिढीने भरपूर नावं ठेवली, कारण तो सगळीकडे होता. पण कुठल्याही सायबर कॅफेत, कुठलाही फॉन्ट न टाकता मराठी दिसायला लागली ती त्याच्यामुळे. मी माझ्या पहिल्या ब्लॉगवर मंगल हटवायला दोन दिवस घालवले होते. आता थोडं ओशाळल्यासारखं होतं.

मराठीचे हट्ट तरी संपले नव्हते. 'दुसऱ्या' मधला पापणीसारखा र दोन वेगवेगळ्या पद्धतींनी टाइप होतो. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये आलं २००८ साली, ५.१ आवृत्तीत. त्याआधी लोक 'अ'वर चंद्र चढवायचे, अजूनही चढवतात. दिसायला सारखं, यंत्राला वेगळं, म्हणून 'ॲप' शोधताना अर्धे निकाल गायब. आणि ल, श. हिंदी पुस्तकातला दंड असलेला ल आणि मराठीतला दोन पाकळ्यांचा ल यातला फरक आजीला कळतो, जुन्या फोनला कळत नव्हता. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने ल पाकळीचा आणि श गाठीचा हे मराठीसाठी अधिकृत केलं. फॉन्ट बनवणाऱ्यांनी मग दोन्ही आकार एकाच फॉन्टमध्ये भरायला सुरुवात केली. नोटो सान्स देवनागरीत ते आहेत. टिरो देवनागरीने तर मराठी, हिंदी आणि संस्कृतसाठी वेगवेगळे फॉन्टच काढले. मुंबईच्या एक टाइपने मुक्ता, बालू असे फॉन्ट खुले करून टाकले, आणि आज फुकट मिळणाऱ्या मराठी फॉन्टांची यादी मी शाळेत होतो तेव्हाच्या तुलनेत श्रीमंत आहे.

पण नोटोसारख्या फॉन्टला मराठीचा ल कधी काढायचा हे कसं कळतं? पानाच्या पहिल्या ओळीतल्या भाषेच्या खुणेवरून. 'ही मराठी आहे' असं लिहिलं की ल पाकळीचा होतो, श गाठीचा होतो. फोनचा बोलणारा आवाज कुठला निवडायचा हेही त्याच खुणेवरून ठरतं. म्हणजे डोळ्यांचं लाड पुरवणारी आणि मामांना ऐकवणारी खूण एकच, दोन अक्षरांची. मी दोन वर्षं तिथे इंग्रजी ठेवली होती, आणि ल हिंदी वळणाचा का दिसतो म्हणून फॉन्टला दोष देत होतो.

नियम नाहीत असंही नाही. वेबपानं सगळ्यांना वापरता यावीत यासाठीची जागतिक मार्गदर्शक तत्त्वं पहिल्यांदा १९९९ मध्ये आली, दुसरी आवृत्ती २००८ मध्ये. भारत सरकारने आपल्या संकेतस्थळांसाठी २००९ मध्ये सूचना काढल्या. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं म्हटलं. तिथे प्रश्न होता ई-केवायसीचा: कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकवा, असं सांगणारं यंत्र, आणि समोर ॲसिड हल्ल्यात डोळे गेलेली किंवा जन्मापासून न दिसणारी माणसं. मार्गदर्शक तत्त्वांमध्ये एक साधं माप आहे. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडातला फरक किमान ४.५ : १ हवा. माझी ती नाजूक राखाडी मोजली, २.८५ : १ निघाली. उन्हात, बाजारसमितीच्या आवारात उभं राहून ती चांगल्या डोळ्यांनासुद्धा वाचता आली नसती. आणि पतसंस्थेचे निम्मे सभासद उन्हातच उभे असतात.

दुरुस्तीला दोन रविवार लागले. भाषेची खूण बदलली. पान मोठं करायची बंदी काढली. फॉन्ट एक पायरी जाड केला, राखाडी गडद केली, अक्षरांमधलं अंतर शून्यावर आणलं. ओळींची उंची अक्षराच्या पावणेदोन पट केली, बटणांना ठरावीक उंची देणं सोडून दिलं. बटणांना नावं दिली. हे सगळं एकेका ओळीचं काम होतं. जड गेला तो तक्ता. फोटोतून आकडे वाचून खराखुरा तक्ता टाइप करायचा होता, मुदत, सर्वसाधारण दर, ज्येष्ठ नागरिकांचा दर, कुठला आकडा कुठल्या मथळ्याखाली आहे हे फोनला बोलता यावं असा. फोटोत एके ठिकाणी घडी पडली होती, तिथला आकडा दिसेना. सेक्रेटरी काकांना फोन केला. ते म्हणाले, "तो फोटो कशाला बघतोस, जुना झाला तो. नवीन दर पाठवतो." मी टाइप केलं आणि दिलं.

माझ्या मते साइट आता थोडी साधी दिसते. ऑफिसातल्या मित्राला दाखवली तर तो म्हणाला, सरकारी वाटते. मी त्याला ती फोनवर, दुपारी, टेरेसवर उघडायला लावली.

संक्रांतीच्या आसपास मामांचा फोन आला. ते पान उघडून बसले होते, मागून टॉकबॅकची कुरकुर मला ऐकू येत होती. "बोलायला लागली रे तुझी साइट," म्हणाले. मी काही बोलायच्या आत कुरकुर एका जागी थांबली, मागे गेली, पुन्हा तीच ओळ वाजली.

"पण ज्येष्ठांचा दर अर्ध्या टक्क्याने खाली आणलाय की यांनी. आम्हाला कुणी सांगितलं नाही. सभा कधी आहे?"

सभेची तारीख मी पानावर टाकलीच नव्हती.